सातला बंद होणारा टीव्ही

आईचा टीव्ही त्रेचाळीस इंचांचा आहे. तो तिच्या खोलीत, पलंगासमोरच्या भिंतीवर, जरा वरच्या अंगाला बसवलेला होता, कारण शेवटी शेवटी ती आडवी पडूनच पाहायची. ती गेल्यावर तो तसाच राहिला. रिमोटवर तिने प्लास्टिकची पिशवी चढवून रबरबँड लावला होता, तोही तसाच. आवाज वाढवायच्या बटणापाशी ती पिशवी घासून पांढुरकी झाली होती, कमी करायच्या बटणापाशी नवीकोरी.

मी बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या तपासणी विभागात काम करतो. माल मापात आहे की नाही एवढंच बघायचं आणि नसेल तर परत पाठवायचा. सुट्टीच्या दिवशी घरी आवाज रेकॉर्ड करतो. भजनी मंडळं, शाळेच्या संमेलनातली गाणी, शेजारच्या मुलीची पेटी. हा पसारा पूर्वी हॉलच्या कोपऱ्यात होता. आई गेल्यावर बायकोच म्हणाली, "त्या खोलीत न्या सगळं. बंद खोली घरात बरी नाही." खोली दहा बाय अकराची. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना काहीतरी लावावं लागतं. बाजारात त्यासाठी स्पंजच्या लाद्या मिळतात. आम्ही आईच्या गोधड्या खिळ्यांना टांगल्या. काम चोख झालं. टाळी वाजवली तर ती तिथल्या तिथे विझायची. फक्त खोलीला तिचा वास राहिला, तेलाचा आणि कापराचा.

नंतर माझ्या संगणकाचा एकोणीस इंची पडदा गेला. त्यावर उभ्या रेघा आल्या आणि एक दिवस नुसत्या रेघाच उरल्या. नवीन आणेपर्यंत आईचा टीव्ही जोडून बघू म्हटलं. एक केबल लावली की झालं, असं वाटत होतं. तसं नसतं. पहिल्यांदा चालू केला तेव्हा संगणकाची सुरू होतानाची धून एवढ्या मोठ्याने वाजली की बायको स्वयंपाकघरातून धावत आली. आईला एका कानाने ऐकू येत नव्हतं, आवाज तिने ठेवला होता तेवढ्यावरच होता. आम्ही दोघं दारात उभे राहिलो. बायको म्हणाली, "मला वाटलं..." आणि तिने पलंगाकडे पाहिलं.

मग एकेक दुरुस्ती. चित्राच्या चारही कडा कापल्या जात होत्या, संगणकाचं खालच्या कोपऱ्यातलं घड्याळ दिसतच नव्हतं. अक्षरांना सावली पडल्यासारखी दिसत होती. दोन्ही गोष्टी मेनूत जाऊन नीट करता आल्या. तिसरी गोष्ट होती उशिराची. टीव्ही चित्र गुळगुळीत करण्यात वेळ घालवतो आणि मगच दाखवतो. हेडफोनमध्ये टाळी ऐकू यायची आणि पडद्यावरची रेघ तिच्यापर्यंत थोड्या वेळाने पोचायची. मी मोजलं, सेकंदाचा दहावा भाग. संगणकावरच्या खेळांसाठी टीव्हीत एक वेगळी सोय असते, ती लावल्यावर तो बराच कमी झाला, पण पूर्ण गेला नाही. म्हणजे त्या पडद्यावर मी जे बघतो ते नेहमीच नुकतंच होऊन गेलेलं असतं. कामाला त्याने फरक पडत नाही. सवय होते.

पहिल्याच संध्याकाळी मी पाठमोरा उभा राहून माइकची तार गुंडाळत होतो आणि टीव्ही आपोआप बंद झाला. मी केबल तपासली, प्लग तपासला, विजेचा दाब तपासला. काही सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. बायको दारातून म्हणाली, "सात वाजले. आईंची वेळ झाली." तेव्हा माझ्या डोक्यात आलं आणि मी मेनू उघडला. रोज संध्याकाळी सातला बंद व्हावा, असं त्यात लावून ठेवलेलं होतं. आमच्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, "आजीनेच लावून घेतलं होतं माझ्याकडून. दिवा लावताना टीव्ही बंद पाहिजे म्हणायची, आणि दर वेळी तुम्हाला कुणाला हाका मारायच्या नाहीत म्हणायची."

ते काढून टाकायला दोन बटणं दाबावी लागतात. मी रिमोट हातात घेतला होता. बायको म्हणाली, "राहू द्या." मग राहिलं. सातला टीव्ही विझला की मी उठायचो, देवापाशी दिवा लावायचो, आणि परत येऊन टीव्ही चालू करायचो. संगणक मधल्या वेळात चालूच असायचा. टीव्ही नुसता बघायचा पडदा. तो विझला म्हणून संगणकात चाललेलं काही थांबत नाही.

मुलीचं लग्न आईच्या वर्षश्राद्धानंतर करायचं म्हणून पुढे ढकललं होतं. आई पलंगावर असतानाच स्थळ पक्कं झालं होतं. जाहिराती चालू असताना एकदा ती मला म्हणाली होती, "मी काही लग्नापर्यंत राहत नाही. नसले तर मला बोलवा. विसरू नका." मी म्हटलं, "असं काय बोलतेस." ती म्हणाली, "मी काय बोलते ते ऐक. बोलवा म्हणते."

तिला काय म्हणायचं होतं ते मला ठाऊक होतं. आमचं गाव तारापूरच्या बाजूला, किनाऱ्यालगत, नारळ-चिकूच्या वाड्यांचं. आमच्याकडे मांडव उभा राहिला की हळदीच्या आधी गाण्यातून बोलावणं करतात. पहिल्यांदा देवांना, मग घरातल्या गेलेल्या माणसांना, एकेकाचं नाव घेऊन. प्रत्येकासाठी पानावर चिमूटभर तांदूळ ठेवायचे. लग्न उरकलं की जिने बोलावलं तिनेच त्यांना परत पाठवायचं. ही गाणी म्हणणारी धवलारीण आमच्या घरातलीच होती. माझी आत्या, वडिलांची धाकटी बहीण. आजूबाजूच्या गावांतली किती लग्नं तिने म्हटली असतील. पण लग्नाला काही महिने उरले असताना तिच्या गळ्यात गाठ निघाली. पालघरच्या डॉक्टरांनी तपासून मुंबईला पाठवलं. तिथे सांगितलं, गाठ काढावी लागेल, ती आवाजाच्या नसेला चिकटलेली आहे, आवाज परत येईल अशी खात्री देता येत नाही.

म्हणून शस्त्रक्रियेच्या आधी मी तिला बोईसरला घेऊन आलो. सगळी गाणी रेकॉर्ड करून ठेवू, आवाज नाही राहिला तर मांडवात स्पीकरवर लावू, असं ठरलं. म्हणजे मी ठरवलं, आणि ती आली.

आईच्या पलंगावर मांडी घालून ती बसली. समोर माइक, वर टीव्ही. पडद्यावर तिच्या आवाजाच्या निळ्या लाटा सरकत होत्या.

"ही रेघ म्हंजे मी?"

"हो, तूच."

"जाडी दिसते."

"मोठ्याने म्हटलंस की जाड होते."

"मंग तुजी आय ह्याच्यात मावलीच नसती," ती म्हणाली आणि स्वतःच हसली. "ह्याच टीव्हीवर दिसभर सासवा-सुनांची भांडनं बघायची. मी म्हनायची, वयनी, घरात मी हाय ना भांडायला, ही कशाला पायजेत?"

दोघी आयुष्यभर भांडल्या. सुकटीत मीठ किती, तुळशीला पाणी कुणी घातलं नाही, कुणाच्या लग्नात कुणी कुणाला आधी वाढलं. आईच्या शेवटच्या आजारात मात्र आत्या दर आठवड्याला शेअर रिक्षाने यायची, डोक्याशी बसायची आणि टीव्हीचा आवाज कमी करायची. आई वाढवायची.

दोन दिवसांत मांडवाची गाणी झाली, हळदीची झाली, मुलीच्या पाठवणीची झाली. मालगाडी गेली की थांबायचं, खालून कुणी हिंदीत गाडी काढायला ओरडला की थांबायचं. आत्याला कंटाळा नव्हता. फक्त बोलावण्याचं गाणं तिने ठेवून दिलं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी म्हटलं, "आत्या, तेवढं एक राहिलं."

"ते नाय म्हनायचं."

"का?"

"लगीन हाय का आज? मांडव हाय का? बोलावलेली येतात रे. येऊन उभी ऱ्हातात. त्यांना काय सांगू, रंगीत तालीम चाललीय, मागारी जा?"

"नुसतं रेकॉर्डिंग आहे, आत्या."

"तुज्यासाठी नुसतं असंल. त्यांच्यासाठी हाक ती हाक."

"आणि आवाज नाही राहिला तर? आईला कोण बोलावणार?"

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. तेवढ्यात सात वाजले आणि टीव्ही विझला.

"झालं," आत्या म्हणाली. "वयनीनं बंद केला. आता बस बोंबलत."

बायको आणि मुलगी पालघरला साड्या बघायला गेल्या होत्या. मी दिवा लावायला उठलो. दिवा लावला, हात जोडले आणि आलोच आहे तर म्हणून चहा टाकला. कप घेऊन खोलीत आलो तर आत्या तशीच बसली होती. चहा झाल्यावर मी टीव्ही चालू केला. रेकॉर्डिंग चालूच होतं. ते थांबवलं, जतन केलं आणि त्या दिवसापुरतं काम संपलं.

शस्त्रक्रिया नीट झाली. आवाज मात्र गेला. कुजबुज तेवढी राहिली, वाळक्या पानावरून कुणी चालावं तशी. डॉक्टर म्हणाले, काही महिने वाट बघू. लग्न त्याच्या आधी होतं.

मी गाणी साफ करायला बसलो. ओळीने एकेक फाइल घेत गेलो आणि शेवटी त्या संध्याकाळच्या फाइलीशी आलो. तिच्यात आमचं बोलणं, मग टीव्ही विझतानाचा बारीकसा टणकार, आत्याचं "बस बोंबलत", माझी खुर्ची, माझी पावलं. मग रिकामी खोली. मी तिथेच कापणार होतो. पण लाटेची रेघ पुढे पुन्हा थोडी जाड झालेली दिसत होती, म्हणून ऐकत राहिलो.

पलंग कुरकुरला. आत्याने घसा साफ केला. आणि अगदी हळू, भिंतीला ऐकू जाऊ नये अशा आवाजात तिने बोलावणं सुरू केलं.

वाट झाडली, पानी शिपलं,
या गो मांडवा, या तुमी.
गेल्या वाटंनं येते वाट,
या गो मांडवा, या तुमी.

टीव्ही काळा झाला तसं सगळंच बंद झालं, असं ती समजली होती. मी काही सांगितलं नव्हतं आणि तिने विचारलं नव्हतं.

तिने आजोबांचं नाव घेतलं, आजीचं घेतलं, दांडीच्या किनाऱ्यापुढे होडी उलटून गेलेल्या काकाचं घेतलं, माझ्या वडिलांचं घेतलं. मग एक नाव घेतलं ते मला पटकन ओळखू आलं नाही. ते आईचं होतं, माहेरचं. लग्नानंतर आमच्या घरात ते कुणी उच्चारलं नव्हतं, मी ते तिच्या शाळेच्या दाखल्यावर तेवढं पाहिलं होतं. आत्याने ते तीनदा घेतलं. मग गाणं थांबलं आणि ती बोलल्यासारखी म्हणाली, "ऐकतेस ना?"

मध्ये शांतता. आणि मग टक्. एकदाच, स्वच्छ.

"बरं," आत्या म्हणाली. "ऐक. पोरीचं लगीन हाय वैशाखात. माजा गळा कापनार हायत. तवा मला बोलावता नाय येनार, म्हनून आत्ताच सांगून ठेवते. ध्यानात ठेव. ते निळं लुगडं नेसून ये, नायतर येशील तशीच, घरच्यासारखी..."

यापुढे माझी पावलं येतात. मग माझा आवाज, दूरवरून, "आत्या, साखर किती घालू?" आणि तिचा नेहमीचा, खणखणीत, "घाल दोन चमचे, तुज्या घरची साखर का मोजायची?"

मी हेडफोन काढले. त्या टक्-चं कारण मला माहीत होतं. चालू टीव्ही गरम होतो, बंद केला की त्याची प्लास्टिकची पाठ गार होताना आक्रसते आणि वाजते. मी खात्री केली. पुढच्या संध्याकाळी सातला टीव्ही विझल्यावर माइक लावून ठेवला आणि बाहेर जाऊन बसलो. वाजला. त्याच्या पुढच्या दिवशीही वाजला. एकदा लवकर, एकदा उशिरा, त्याला ताळतंत्र नव्हतं. आवाजाची जात तीच, जोरही जवळपास तोच. कारखान्यात असा अहवाल मी सही करून पुढे पाठवला असता. पण आत्याने विचारलं आणि त्याच क्षणी तो वाजला, हे कोणत्या रकान्यात लिहायचं ते मला कळेना. आणि या सगळ्यात मी ती फाइल पुन्हा पुन्हा ऐकत होतो.

शेवटी बायकोला ऐकवली. ती ऐकता ऐकता उभी राहिली, हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "म्हणजे त्यांनी बोलावलं. आणि पाठवलं कुठे?"

तोपर्यंत माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं. मध्येच साखर विचारून मीच तिला तोडलं होतं.

त्या दिवसापासून दिवा लावला की बायको पाण्याचा एक पेला टीव्हीखालच्या टेबलावर ठेवू लागली. मी विचारलं, "हे कुणाला?" ती म्हणाली, "असू द्या." सकाळी पाणी थोडं कमी झालेलं असायचं. त्या खोलीत पंखा चालतो आणि पंख्याने पाणी उडतं. मी तिला ते सांगितलं नाही. तिलाही ते माहीत असणारच. त्या खोलीत काम करताना मी दाराकडे पाठ करून बसणं सोडलं. टेबल फिरवून घेतलं, मान तिरकी झाली तरी चालेल म्हटलं.

प्रश्न साधा होता. लग्नाला जे हवं होतं ते माझ्याकडे होतं. आत्याचा आवाज, पूर्ण बोलावणं आणि त्यात आईचं नाव. पण ते जिचं होतं तिला ठाऊक नव्हतं, आणि तिने तोंडावर नाही म्हटलेलं होतं. न विचारता लावणं मला पटत नव्हतं. पुसून टाकावं तर आईला दुसरं कोण बोलावणार होतं? मी रविवारी गावी गेलो.

आत्या ओसरीवर वाल सोलत बसली होती. गळ्याला सुती रुमाल. मी सगळं सांगितलं. तिने सोलणं थांबवलं नाही. मग कुजबुजली, "म्हंजे टीव्ही मेला तरी ते खालचं जितं होतं?"

"हो."

"आनि तू ऐकलंस?"

"हो."

"एकदाच?"

मी म्हटलं, "नाही. बऱ्याचदा. तपासायला."

तिने कपाळावर हात मारून घेतला. "तेवढ्या वेळा बोलावलीस तिला! ती म्हनत असंल, ह्या पोराचं डोकं ठिकानावर नाय. येते तर मांडव नाय, जेवन नाय, हा कानाला टोपलं लावून बसलाय."

"तू पाठवलं का नाहीस मग?"

"पाठवनारच होते. तू साखर घेऊन आलास."

मी लॅपटॉप आणला होता. तिला ऐकायचंय का, विचारलं. तिने मान डोलावली. स्वतःचा जुना आवाज ऐकताना तिचे ओठ हलत होते, पण नुसते ओठच. टक् वाजलं तेव्हा तिने बोट वर केलं.

"ते टीव्हीचं प्लास्टिक आहे, आत्या," मी म्हटलं. "गार होताना वाजतं. मी तपासलंय."

"असंल," ती म्हणाली. "वयनी असंच बोलायची. मी पंचवीस वाक्यं बोलायची, ती एक शब्द." मग बराच वेळ वाल सोलून झाल्यावर म्हणाली, "मांडवात लाव. नावांपर्यंत लाव. लुगड्याचं काढून टाक, ते आमचं दोघींचं हाय. आनि लग्नापर्यंत परत वाजवू नको. मी बाजूला बसते तांदूळ घेऊन. बोलावलं यंत्रानं, तरी पाठवायला मी हाय."

"आणि ते टक्?"

"ते कशाला काढतोस?"

मांडव गावच्या घरासमोर पडला. स्पीकरवाला बेटेगावचा होता. त्याला मी फाइल दिली तेव्हा तो म्हणाला, "काका, आवाज बारीक हाय. थोडा इको टाकू? लय भारी वाटंल."

"नको. आहे तसा लाव."

"बेस तरी?"

"काही नको."

आत्या स्पीकरच्या शेजारी पाटावर बसली, समोर पानांची रांग, मुठीत तांदूळ. बायका गोळा झाल्या. स्पीकरमधून तिचाच आवाज आला, हळू, अगदी कानाशी बोलल्यासारखा, आणि एवढ्या माणसांत कुणी भांडं वाजवलं नाही. एकेक नाव आलं, आत्याने एकेका पानावर तांदूळ ठेवले. आईचं माहेरचं नाव आलं. पुढच्या रांगेत माझे मामा बसले होते, आईचे थोरले भाऊ. ते नाव कानावर पडताच त्यांनी मान वळवून मांडवाच्या दाराकडे पाहिलं. कुणी हाक मारल्यावर आपण बघतो तसं, सहज. मग "ऐकतेस ना?", मग टक्, मग "बरं". तिथे मी कापलं होतं.

लग्न व्यवस्थित पार पडलं. मुलगी सासरी गेली. दुसऱ्या दिवशी आत्या त्या पानांपाशी बसली आणि एकेकाचं नाव कुजबुजत, पान उचलत, सगळ्यांना पाठवत गेली. शेवटचं पान आईचं. तिथे ती थांबली. मला जवळ बोलावून म्हणाली, "हिला हितून नाय पाठवता येत. बाकीच्यांची तिथं नुसती नावं घेतली, पन हिच्याशी तुज्या खोलीत बोलले मी, आनि हिनं तिथंच ओ दिली. जिथं बोलावलं तिथून पाठवायला लागतं."

म्हणून तिला घेऊन आम्ही बोईसरला आलो. घरात शिरल्यावर दिवे लावले तरी घर अंधारं वाटत होतं. मुलीच्या चपलांची जागा रिकामी होती. आत्या आईच्या खोलीत गेली, पलंगावर बसली. मी टीव्ही चालू केला. मग तिच्या देखत माइकची तार काढली, ती जिच्यात जाते ती छोटी पेटीही काढली आणि संगणक पूर्ण बंद केला. टीव्हीवर 'सिग्नल नाही' एवढं आलं.

"आता नक्की मेलं?" आत्याने विचारलं.

"नक्की."

आम्ही तिघं बसून राहिलो. सात वाजले. टीव्ही विझला. काळ्या काचेत आम्ही तिघं दिसत होतो, लहान आणि वाकडे, आणि मागे गोधड्या. आत्याने मुठीतले तांदूळ पुढे केले, ते नाव घेतलं आणि पुढचं बोलायला तोंड उघडलं.

"आत्याबाई," बायको म्हणाली. "थांबा जरा."

आत्याने तिच्याकडे पाहिलं.

"पोर कालच गेली. घर खायला उठलंय. लगेच आईंनाही कशाला पाठवता?"

"अगो, बोलावलेलं ठेवून घेत नाय. तसं करायचं नसतं."

"ठेवून कुठे घेतेय? नंतर पाठवा की."

"नंतर पाठवायला मी असायला पायजे ना."

"मग असा तुम्ही," बायको म्हणाली. "तुम्हाला कोण जा म्हणतंय?"

आत्या हसली. आवाज नाही, नुसते खांदे हलले. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी घरातला मुलगा, मी सांगायचं होतं. आलं ते गेलं पाहिजे आणि मोजून गेलं पाहिजे, हे मी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवत आलो आहे. मी टेबलावरच्या पेल्याकडे बघत राहिलो. बायकोने तो गावाला निघायच्या आदल्या दिवशी भरून ठेवला होता, आणि आता तो अर्धाच होता.

"राहू दे," मी म्हटलं.

आत्याने मूठ मिटली, तांदूळ पदरात बांधले आणि पदराला गाठ मारली. तेवढ्यात टीव्हीच्या पाठीमागून टक् आवाज आला.

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. या वेळी मी प्लास्टिकचं नाव काढलं नाही. उठलो आणि दिवा लावायला गेलो.